काळ्या पट्ट्या पाहिजेत

सिनेमाच्या डिस्क विकणाऱ्या दुकानात जाऊन एखाद्या गृहस्थाने म्हटलं, की मला चित्राच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात अशी डिस्क द्या, तर दुकानदार त्याच्याकडे कसा बघतो हे मी सांगू शकतो. आधी तो त्या गृहस्थाकडे बघतो. मग त्याच्या बायकोकडे बघतो. तिच्या चेहऱ्यावर धीर देण्यासारखं काही दिसलं नाही, की लहान मुलाशी बोलावं तसं बोलतो, "काळ्या पट्ट्या नको असतील ना तुम्हाला?"

तर हव्याच होत्या. का हव्या होत्या ते सांगतो, आणि सांगता सांगता काही लोकांचे आभारही उरकून घेतो. कारण या प्रकरणात मला ज्यांनी ज्यांनी छळलं, त्यांतल्या बहुतेकांचा मी आज ऋणी आहे. असं फार कमी प्रकरणांत होतं. एरवी मला छळणारे नुसतेच छळतात.

मी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात आराखडे काढतो. लोकांच्या जिन्याला किती उतार असावा, खिडकी भिंतीच्या मानाने केवढी असावी, न्हाणीघराचं दार उघडल्यावर ते कशाला आपटेल, हे मी कागदावर आधीच सांगतो. लांबी आणि रुंदीचं प्रमाण हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. त्यामुळे प्रमाणाच्याच बाबतीत मला एक प्लास्टिकची चकती फसवील, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हसलो असतो. खात्यात मला हसणारे आता बरेच आहेत.

घरात आम्ही चौघं. मी, बायको, वडील आणि आत्या. आत्या वडिलांची थोरली बहीण, निवृत्त नर्स. मी चालायलाही लागलो नव्हतो तेव्हा माझी आई तापाने गेली, आणि आत्या नर्सेसच्या होस्टेलमधून आपली ट्रंक उचलून आमच्याकडे आली ती कायमची. तिने मला वाढवलं, शाळेत घातलं, माझं लग्न जमवलं आणि माझ्या बायकोशी इतकं सूत जुळवलं, की घरात काही ठरलं की ते मला सगळ्यांत शेवटी कळतं.

या आत्याने एका सिनेमात काम केलेलं आहे. म्हणजे, तिच्या म्हणण्याप्रमाणे केलेलं आहे. ती तरुण असताना तिच्या हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यात एका सिनेमाचं शूटिंग झालं. जखमी नायकाला स्ट्रेचरवरून नेतात, आणि भिंतीला लागून नर्सेस ओळीने उभ्या असतात. त्यांतली ट्रे घेऊन उभी असलेली नर्स म्हणजे आत्या. थिएटरात सिनेमा लागला तेव्हा तिने स्वतःला डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे तोच सिनेमा टीव्हीवर लागायला लागला आणि भानगड झाली. तो प्रसंग आला की आत्या खुर्चीत पुढे सरकायची. स्ट्रेचर यायचं, नायक कण्हायचा, आणि चित्राच्या उजव्या कडेला एक पांढरं कोपर आणि ट्रेचा कोपरा दिसायचा. मग स्ट्रेचर निघून जायचं.

"ते कोपर माझं," आत्या म्हणायची.

"कोपर कुणाचंही असू शकतं," वडील वर्तमानपत्राआडून म्हणायचे. कधीकधी तर हा प्रसंग यायच्या आत ते उठून बाहेर फेरी मारायला जायचे. नातेवाइकांत आत्याचं नाव काही वर्षं 'कोपर' असंच पडलं होतं. ती ते मनावर घ्यायची नाही. निदान आम्हाला तसं वाटायचं.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की आत्याच्या नजरेचा मधला भाग हळूहळू पुसट होत जाणार. कडेचं दिसत राहील, पण समोरचं धुरकट होईल. चष्म्याने, ऑपरेशनने फरक पडणार नाही. रिक्षातून परत येताना, घराजवळ आल्यावर आत्या म्हणाली, "अरे, तो सिनेमा मला एकदा नीट दाखवशील का?"

आत्याने माझ्याकडे यापूर्वी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी त्याच संध्याकाळी दुकानात गेलो.

दुकानात त्या सिनेमाची डिस्क होती. वेष्टनावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'फुल स्क्रीन'. ते वाचून माझा जीव भांड्यात पडला. फुल म्हणजे पूर्ण. फुल बाह्यांच्या शर्टात पूर्ण हात जातो, फुल तिकिटावर पूर्ण माणूस जातो, मग फुल स्क्रीनमध्ये पूर्ण आत्या का येऊ नये? मी ती डिस्क भेटवस्तूच्या कागदात बांधून घेतली.

आमचा टीव्ही नवा, लांबरुंद. डिस्क लावली तर चित्र मधोमध चौकोनी आलं आणि डावी-उजवीकडे दोन काळे खांब उभे राहिले. आम्ही त्या खांबांकडे बघत असतानाच वरच्या मजल्यावरचे तपासनीस काका आले. हे पूर्वी सरकारात लिफ्टची तपासणी करायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांना बटणांची चणचण भासते, त्यामुळे इमारतीत कुणाकडे नवं यंत्र आलं की ते चहाच्या वेळेला हजर होतात.

"टीव्ही एवढा मोठा आणि चित्र एवढंसं?" ते म्हणाले. "रिमोट द्या."

त्यांनी एक बटण दाबलं. चित्र दोन्ही बाजूंना ताणलं गेलं आणि खांब नाहीसे झाले. काकांनी विजयी मुद्रेने आमच्याकडे बघितलं. पडद्यावर आता फार सुखवस्तू माणसं वावरत होती. नायिकेचा चेहरा परातीएवढा झाला होता. नायक मूळचा सडपातळ, पण त्याला उचलताना स्ट्रेचरवाल्यांची दया येत होती. व्हरांड्याचा प्रसंग आला. आत्याचं कोपर गुडघ्याएवढं दिसलं, पण होतं ते कोपरच.

"झूम करून बघू," काका म्हणाले. झूम केल्यावर सगळ्यांची डोकी छताच्या वर गेली. मग काका गुडघ्यांवर बसून प्लेअरच्या मेनूत शिरले आणि तिथे बराच वेळ एकेक पर्याय बदलत राहिले. "आतलं सेटिंगच चुकीचं होतं, ते मी नीट केलंय," असं शेवटी त्यांनी जाहीर केलं. चित्रात काडीचा फरक पडला नव्हता. चहा संपवून ते समाधानाने वर गेले.

आत्या उठून आतल्या खोलीत गेली. तिच्यामागे बायको गेली. मी वेष्टनावरचं 'फुल स्क्रीन' पुन्हापुन्हा वाचत बसलो. वडील बाल्कनीत उभे होते. ते मगाशीच तिथे गेले होते.

थोड्या वेळाने बायको बाहेर आली आणि मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "अहो, त्या स्वतःला शोधत नाहीयेत."

"म्हणजे?"

"त्यांच्या शेजारी, अगदी कडेला, तुमची आई उभी आहे."

मी कट्ट्याला टेकून उभा राहिलो. माझ्या आईचे दोनच फोटो आहेत. एक लग्नातला, एक ओळखपत्रावरचा. दोन्हींत ती श्वास रोखून उभी आहे. लहानपणापासून मी ते इतक्यांदा पाहिलेत, की आई म्हणजे न हलणारी बाई अशीच माझी समजूत आहे. ती चालायची कशी, मान वळवायची कशी, हे विचारावं असं मला कधी सुचलंही नव्हतं.

आत जाऊन मी आत्याजवळ बसलो. "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? दिसली असती तर सांगितलं असतं. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी तुझा जीव कशाला टांगणीला लावायचा?" ती म्हणाली. "आम्ही दोघी त्याच हॉस्पिटलात नर्स, होस्टेलच्या एका खोलीत राहायचो. तेव्हा तिचं लग्नही झालेलं नव्हतं. थिएटरात आम्ही दोघींनी मिळून पाहिला होता तो सिनेमा, आणि इतक्या हसलो होतो की मागच्या माणसाने दटावलं. पडद्यावर ती माझ्या उजवीकडे उभी आहे. आहे म्हणजे आहे. मला अजून नीट दिसतंय तोवर तुला ती ओळखून दाखवायचीय. नंतर कोण ओळखणार तिला? तुझा बाप तर तो सिनेमा बघायलाच तयार नसतो."

त्यानंतर हे प्रकरण माझ्यापुरतं हौसेचं राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून ट्रेसिंग पेपर घेऊन आलो. तो प्रसंग थांबवून कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवला आणि व्हरांडा गिरवायला बसलो. फरशांच्या रेषा, दारं, छताचे दिवे. व्हरांड्याच्या रेषा उजवीकडे जिथे जाऊन संपायला हव्यात तिथे संपतच नव्हत्या, मध्येच तुटत होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थिएटरचा पडदा होता आडवा, ऐसपैस. जुना टीव्ही होता चौकोनी. चौकोनी टीव्ही काठोकाठ भरावा म्हणून डिस्क काढणाऱ्यांनी आडव्या चित्राच्या दोन्ही बाजू छाटून टाकल्या होत्या. 'फुल' होता तो टीव्हीचा पडदा. सिनेमा अर्धामुर्धाच होता. म्हणजे पंगतीत पान गच्च भरलेलं दिसावं म्हणून पानच लहान करावं, तसला हा प्रकार. आणि हे मला, प्रमाणाच्या माणसाला, वेष्टनावरून कळलं नव्हतं.

मी डिस्क घेऊन दुकानात गेलो. बायको सोबत होती, कारण तिचा माझ्या भांडणावर विश्वास नाही.

"उघडलेली डिस्क परत घेत नाही," दुकानदार म्हणाला. "चालत नसेल तर बदलून देतो. चालतेय ना?"

"चालतेय."

"मग?"

"तिच्या कडा कापलेल्या आहेत."

त्याने डिस्क हातात घेतली, कडेवरून गोल बोट फिरवलं आणि म्हणाला, "गुळगुळीत आहे की."

आख्खं आडवं चित्र टीव्हीत बसवायचं तर वर आणि खाली काळी जागा उरणारच, हा हिशेब मी घरीच केला होता; म्हणून इथेच मी काळ्या पट्ट्यांची मागणी केली आणि त्याने आधी माझ्याकडे आणि मग बायकोकडे बघितलं. सगळं ऐकून घेतल्यावर मात्र तो माणूस शिडी लावून वर चढला आणि धुळीतून त्याच सिनेमाची दुसरी डिस्क काढून घेऊन आला. हिच्यावर 'वाइडस्क्रीन' लिहिलं होतं आणि मागे बारीक अक्षरांत १६:९. वाइड म्हणजे रुंद. रुंद पडद्यात आई मावणार. मी ती विकत घेतली आणि दुकानदाराचा हात हातात घेऊन हलवला. त्याला ते आवडलं नाही.

घरी डिस्क लावली. चित्राने टीव्ही काठोकाठ भरला. खांब नाहीत, पट्ट्या नाहीत, माणसं शिडशिडीत. तपासनीस काका चहाला होतेच. ते म्हणाले, "बघा, याला म्हणतात चित्र." व्हरांडा आला. स्ट्रेचर आलं, पण त्याची चाकं नव्हती. ते हवेतून तरंगत आलं. नायकाच्या कपाळावरचं बँडेज होतं, पण त्याच्या वरचे केस नव्हते. आणि उजव्या कडेला आत्याचं कोपर होतं, पण ट्रे गेला होता. पूर्वी निदान ट्रेवरून ते कोपर नर्सचं आहे एवढं तरी कळत होतं.

"कमीच झालं की रे," आत्या म्हणाली.

मी कालचा ट्रेसिंग पेपर आणि आजचा ट्रेसिंग पेपर एकाच मापाला आणून एकावर एक ठेवले. रेषेला रेषा जुळली. या दिवट्यांनी आधीच दोन्ही बाजूंनी छाटलेलं चौकोनी चित्र घेतलं होतं, आणि ते रुंद दिसावं म्हणून आता वरून आणि खालूनही छाटलं होतं. आमच्या खात्यात एखाद्याने असा आराखडा पास करून घेतला असता तर चौकशी बसली असती.

डिस्क बाहेर काढल्यावर काकांनी जाता जाता प्लेअरच्या मेनूत आणखी एक पर्याय बदलून ठेवला. वेष्टनावर डिस्क काढणाऱ्या कंपनीचा पत्ता होता. आमच्याच शहरातला. मी रजा टाकली, आराखड्यांची नळी काखेत मारली आणि निघालो.

कंपनीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. तक्रार विभागात एक बाई बसल्या होत्या. चष्मा साखळीला लटकवलेला, समोर कॉम्प्युटर, आणि 'बोला' म्हणण्याची अशी पद्धत की समोरचा माणूस काय बोलायचं ते विसरावा.

"तुमच्या डिस्कविषयी तक्रार आहे," मी म्हणालो.

"काळ्या पट्ट्या दिसतात?" त्यांनी वर न बघता विचारलं आणि टाइप करायला सुरुवात केली.

"नाही. दिसत नाहीत."

त्यांचा हात थांबला. "दिसत नाहीत, मग तक्रार काय?"

"त्या दिसायला पाहिजेत."

त्या माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तांत्रिक विभागात जा."

तांत्रिक विभागातला गृहस्थ जेवत होता. त्याचं जेवण होईपर्यंत मी एका खुर्चीवर नळी उभी धरून बसलो. येणारे-जाणारे मला पडदे बसवणारा समजून कुठल्या खोलीचं काम आहे ते विचारत होते. जेवण झाल्यावर त्याने डिस्क लावून पाहिली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "उत्तम चालतेय." मी म्हणालो, चित्र कापलेलं आहे. तो म्हणाला, कापलेलं असलं तरी स्वच्छ कापलेलं आहे, आणि काय कापायचं ते विक्री विभाग ठरवतो. विक्री विभागातल्या तरतरीत माणसाने मला सांगितलं, की ही आवृत्ती तडाखेबंद खपली आहे आणि तिच्याविषयी एकही तक्रार नाही. मी म्हणालो, मी तक्रार करतोय. तो म्हणाला, मग तक्रार विभागात जा.

मी परत बाईंच्या समोर जाऊन उभा राहिलो. माझा चेहरा तोवर बराच उतरला असावा, कारण त्या म्हणाल्या, "बसा."

बोलण्यात माझा निभाव लागत नाही हे मला ठाऊक आहे. मी नळीतून कागद काढले आणि त्यांच्या टेबलावर पसरले. खाली मी माझ्या अंदाजाने काढलेला पूर्ण व्हरांडा, त्यावर फुल स्क्रीनचा कागद, त्यावर वाइडस्क्रीनचा. कुठल्या डिस्कने काय कापलं ते लाल पेन्सिलीने दाखवलेलं. बाईंनी चष्मा लावला आणि प्रत्येक कागद उचलून खालचा पाहिला. मी आयुष्यात शेकडो आराखडे लोकांसमोर ठेवलेत, पण इतक्या शांतपणे ते कुणी पाहिलेले नाहीत.

"हे काय आहे?" त्यांनी उजव्या कडेवर बोट ठेवलं. तिथे मी तुटक रेषेने एक उभी आकृती काढली होती.

"आराखड्यात जे असतं पण वरून दिसत नाही, ते आम्ही तुटक रेषेने दाखवतो."

"ते समजलं. पण आहे काय?"

"माझी आई," मी म्हणालो.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. डोळ्यांचे डॉक्टर, आत्या, दोन फोटो. मध्येच माझा आवाज जरा चमत्कारिक व्हायला लागला, तेव्हा त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि माझ्याकडे न बघता कागदांची टोकं जुळवत राहिल्या.

"आमची पहिली आवृत्ती पूर्ण रुंदीची होती," त्या म्हणाल्या. "सिनेमा जसा काढला तसाच. टीव्हीवर वर आणि खाली काळ्या पट्ट्या यायच्या. लोक ढिगाने परत करायला लागले. म्हणायचे, टीव्ही आम्ही आख्खा विकत घेतलाय, तुम्ही पट्ट्या कसल्या दाखवता? मी इथे बसून दुसरं काही ऐकलेलं नाही. पट्ट्या, पट्ट्या आणि पट्ट्या. शेवटी वरिष्ठांनी ती आवृत्ती बंद केली आणि चित्र भरून द्या म्हणाले. भरून देणं म्हणजे कापून देणं, हे कुणी विचारलंच नाही. पट्ट्या द्या म्हणून भांडायला आलेले तुम्ही पहिले."

त्या उठल्या आणि मागच्या कपाटातून एक डिस्क घेऊन आल्या. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत काहीच लिहिलेलं नव्हतं. मागे कोपऱ्यात एक आकडा होता, २.३५:१.

"पुढचं वाचू नका, ते विकायसाठी लिहितात," त्या म्हणाल्या. "हे मागचं वाचायचं. उंची एक, तर रुंदी सव्वादोनपटीहून जास्त. १६:९ म्हणजे नुसती टीव्हीची चौकट. तिच्यात काय भरलंय ते त्यावरून कळत नाही."

"ही मी विकत घेऊ शकतो?"

"ही विक्रीला नाही. नमुना म्हणून ठेवलेली आहे, आणि बाहेर द्यायची तर वरिष्ठांची सही लागते. ते परगावी आहेत." त्यांनी माझ्या कागदांवर पुन्हा एक नजर टाकली. "पण सदोष मालाच्या बदल्यात चांगला माल द्यायचा अधिकार मला आहे. तुमच्या दोन्ही डिस्क सदोष आहेत असं माझं मत झालेलं आहे. ठेवा त्या इथे."

मी आभार मानायला तोंड उघडलं, पण त्या "पुढचे" म्हणाल्या. माझ्या मागे एक गृहस्थ उभे होते. त्यांची पट्ट्यांविषयी तक्रार होती.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही बसलो. आत्याने स्टूल टीव्हीच्या एका बाजूला, तिरकं ठेवून घेतलं होतं; तसं बसलं की तिला बरं दिसतं. वडील उठून जायला लागले तर बायको दारातल्या खुर्चीत भाजी निवडत बसली होती. सुनेला ओलांडून जाणं त्यांना जमलं नाही. ती तिथे मुद्दाम बसली होती असं माझं मत आहे. तिने ते मान्य केलेलं नाही.

डिस्क लावली. पडद्याच्या मधोमध एक चिमुकलं आडवं चित्र उगवलं. वर काळं, खाली काळं, डावीकडे काळं, उजवीकडे काळं. आख्ख्या टीव्हीत पोस्टाच्या तिकिटाएवढा सिनेमा. माणसं मुंगीएवढी. एवढ्या पट्ट्या मीसुद्धा मागितल्या नव्हत्या.

"कंपनीने सूड घेतला," वडील म्हणाले.

आत्या डोळे बारीक करून बघत होती आणि तिच्या हाताची मूठ वळलेली होती. तेवढ्यात तपासनीस काका आले. त्यांनी पडद्याकडे बघितलं, प्लेअरकडे बघितलं, आणि मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर कधी नव्हे तो संकोच पाहिला.

"मागची डिस्क काढल्यावर मी आतलं सेटिंग पुन्हा बदललं होतं," ते म्हणाले. "टीव्ही चौकोनी आहे असं मशीनला सांगून ठेवलंय. ते बिचारं चौकोनी टीव्हीच्या हिशेबाने चित्र बारीक करतंय."

ते गुडघ्यांवर बसले. गुडघे वाजले. मेनूत शिरून त्यांनी एकेक पर्याय पुसला आणि मूळचा ठेवला. आपण काय बिघडवलं हे ज्याला आठवतं असा माणूस मी खात्यात आजवर पाहिलेला नाही, म्हणून काकांचे आभार इथे वेगळे मानतो. चित्र एकदम या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलं. वर एक काळी पट्टी, खाली एक काळी पट्टी. अशा सुरेख पट्ट्या मी पाहिल्या नव्हत्या.

"वर-खाली जागा वाया जाते बघा," काका सवयीने म्हणाले, पण आत्याने हात वर केला आणि ते खाली बसले.

व्हरांडा आला. केवढा लांब होता तो. मी काढला होता त्यापेक्षाही लांब. नर्सेसची ओळ भिंतीला लागून दूरवर गेलेली. स्ट्रेचर आलं, चाकांसकट. उजवीकडे कोपर, कोपराला हात, हाताला खांदा आणि खांद्यावर आत्या. विशीतली, ताठ, ट्रे धरून पुतळ्यासारखी उभी. आणि तिच्या पलीकडे, चित्राच्या अगदी शेवटच्या कडेला, एक बारीक अंगाची मुलगी.

"ती," आत्या म्हणाली.

नायक प्राणांतिक कण्हत होता. सगळ्या नर्सेस त्याच्याकडे व्याकूळ होऊन बघत होत्या. आणि माझी आई जांभई देत होती. साधीसुधी नाही. डोळे मिटून, मान मागे टाकून, जबडा एका बाजूला कलवून, पार खांदे वर जाईपर्यंत.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "ही तर तुमची जांभई."

मी ती पाहिली नव्हती. आपली जांभई आपल्याला कुठे दिसते? पण वडील आणि आत्या दोघंही माझ्याकडे बघत होते, आणि दोघांनी एकाच वेळी मान हलवली.

"रात्रपाळी करून तशीच उभी राहिली होती," आत्या म्हणाली. "मी किती म्हटलं, जा झोप. म्हणाली, तू सिनेमात जाणार आणि मी झोपू?"

पडद्यावर जांभई संपत आली. आईने डोळे उघडले, आणि एकदम उजवीकडे, चित्राच्या बाहेर कुठेतरी बघितलं. चटकन तोंडावर हात नेला. मग हाताआडून हसली, आणि मान खाली घातली. तेवढ्यात चित्र बदललं आणि डॉक्टर बोलायला लागले.

आम्ही तो प्रसंग पुन्हा लावला. मग आणखी एकदा. ती मान वळवायची कशी, ते मला कळलं. तोंडावर हात नेताना करंगळी वेगळी राहायची, ते कळलं. आत्या शांतपणे डोळे पुसत होती आणि काका तिला आपला रुमाल द्यावा की नाही या विचारात होते.

"पण त्या हसल्या कुणाकडे बघून?" बायकोने विचारलं. "तिकडे कोण होतं?"

"तिकडे काही नव्हतं," आत्या म्हणाली. "दोरी बांधून बाहेरची माणसं अडवली होती. कॅमेरावाला नसेल तर असाच कुणीतरी. मी तर समोर बघत होते."

मी चित्र थांबवलं. आई हाताआडून हसत, कडेच्या पलीकडे बघत होती. पलीकडे टीव्हीची चौकट होती आणि चौकटीपलीकडे आमची भिंत. याहून रुंद आवृत्ती कुठल्याही कंपनीच्या कपाटात नव्हती.

वडील खुर्चीतून उठले. बाल्कनीत जातील असं वाटलं, पण ते टीव्हीजवळ आले आणि चष्मा काढून, वाकून, तिच्याकडे बघत राहिले.

"मी होतो," ते म्हणाले.

"तू?" आत्या म्हणाली. "तू कुठे होतास तिथे?"

"आदल्या दिवशी घरी आलीस तेव्हा तू डबा विसरली होतीस. मी सायकलवरून घेऊन आलो होतो. दोरीपाशी अडवलं मला. म्हणून तिथेच उभा राहिलो, तर समोर ही एवढी मोठी जांभई." त्यांनी हाताने माप दाखवलं. "मला हसू आलं. तिने बघितलं. तोवर मी तिला ओळखतही नव्हतो."

आत्या स्टुलावरून वळून भावाकडे बघत होती. तिलाही हे माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"मग?" बायकोने विचारलं.

माझे वडील माझ्यासमोर माझ्या आईविषयी कधी सलग बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दुपारी त्यांनी खुर्ची टीव्हीला लावून घेतली, तिच्याकडे तोंड करून बसले, आणि म्हणाले, "मग काय, सीन संपला आणि ती दोरीपाशी आली. मला म्हणाली, काय हसताय?" आणि ते पुढे सांगायला लागले.